सभा, घोषणा आणि डॉल्बी : कान-नाक-घशाविषयी वाचकांचे प्रश्न

आचारसंहिता लागली की सातारा-सांगली पट्ट्यातून येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी टॉन्सिल आणि सायनसविषयी विचारणारे वाचक घसा बसला, कानाला दडे बसले, गुलालाने नाक चोंदले असे लिहू लागतात, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कोणीतरी सांगितले म्हणून करून पाहिलेला एखादा उपाय असतो. प्रश्न दर निवडणुकीला तेच येत असल्यामुळे त्यांतील काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे. पत्रलेखकांनी आवर्जून लिहिलेली पक्षांची नावे गाळली आहेत. त्यामुळे उत्तरांत काही फरक पडत नाही.

प्रश्न : आमच्या गटात घोषणा देण्याचे काम माझ्याकडे असते. तीन दिवसांपासून घसा बसला आहे. ज्येष्ठमध, कंकोळ आणि खडीसाखर चालू आहे. सांगता सभेपर्यंत आवाज परत येईल का? (कोरेगाव)

उत्तर : आपण आजपासून गप्प बसलात तर बहुधा येईल, गोळ्या चघळत घोषणा चालू ठेवल्यात तर येणार नाही. साधे बोलतानासुद्धा पुरुषाच्या स्वरतंतूंची एकमेकांशी सेकंदाला शंभराहून अधिक वेळा गाठ पडते, आणि ओरडताना हा आघात कितीतरी जोराचा होतो. त्यामुळे तंतूंना सूज येते, ते नीट मिटत नाहीत आणि आवाज फाटतो. ज्येष्ठमध किंवा खडीसाखर तोंडात धरल्याने लाळ सुटते व घशाला बरे वाटते हे खरे आहे, परंतु गिळलेला रस अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवर पोहोचत नाही. बाजारातील थंडगार लागणाऱ्या गोळ्यांचेही तेच आहे, आणि त्यांचा अधिक धोका असा, की घसा सुधारला असा भास होऊन माणूस पुन्हा ओरडायला मोकळा होतो. भरपूर पाणी, साध्या पाण्याची वाफ आणि दोन-तीन दिवसांचे मौन हाच उपचार आहे. घोषणेचा पहिला शब्द आळीपाळीने वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी द्यावा आणि माईक असेल तर तो वापरावा.

तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच राहिला तर तो निवडणुकीमुळे बसला असे गृहीत धरू नये. दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू, मावा, गुटखा किंवा विडी-सिगारेट यांपैकी काहीही चालू असेल तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

प्रश्न : घसा बसला असताना कुजबुजत बोललेले चालते का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. जोर लावून कुजबुजल्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. बोलणे भागच असेल तर हळू, पण नेहमीच्या आवाजात बोलावे.

प्रश्न : उमेदवाराच्या स्वागताला ओरडताना एका क्षणी काही तरी तुटल्यासारखे झाले आणि आवाज पूर्ण गेला. मला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. (विटा)

उत्तर : हे पत्र लिहिण्याऐवजी आपण त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवे होते. ओरडताना आवाज एकाएकी गेला असेल तर स्वरतंतूतील रक्तवाहिनी फुटून आत रक्त साकळल्याची शक्यता असते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाने ती वाढते. तपासणी होईपर्यंत एक शब्दही बोलू नये. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. तो निर्णय ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांचा आहे.

प्रश्न : साताऱ्यात १८ ऑक्टोबर २०१९ रोजी शरद पवारांचे भर पावसातील भाषण आम्ही जिल्हा परिषदेच्या मैदानावर भिजत ऐकले होते. तेव्हापासून घरचे मला पावसाळी सभेला जाऊ देत नाहीत. भिजल्याने सर्दी होते का? (सातारा)

उत्तर : सर्दी विषाणूने होते, आणि तो गर्दीत शेजाऱ्याच्या शिंकेतून येतो. दमा असेल तर मात्र घरच्यांचे ऐकावे व आपल्या डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मिरवणुकीत डॉल्बीच्या टेम्पोसमोर दोन तास होतो. दुसऱ्या दिवसापासून उजव्या कानाला दडा बसला आहे आणि सतत शिट्टी वाजते. मळ असेल म्हणून घरी लसूण घालून कोमट केलेले तेल सोडले, नंतर मेडिकलवाल्याने थेंब दिले. आज नववा दिवस आहे. मित्र म्हणतात, आपोआप उतरेल. उतरेल का? (तासगाव)

उत्तर : या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण तेल, थेंब आणि मित्र याच क्रमाने फिरून उशिरा येणारे रुग्ण मला सतत पाहावे लागतात, आणि त्यांपैकी काहींचा कान केवळ या उशिरापायी गेलेला असतो.

आपल्या प्रत्येक आंतरकर्णात साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्यांच्या टोकांवरील सूक्ष्म तंतू झुकतात, आणि त्या झुकण्याचा संदेश होऊन तो मेंदूकडे जातो. वाऱ्याने झुकलेला शाळू पुन्हा उभा राहतो, पण वादळात लोळलेला शाळू उठत नाही. या पेशींचेही तसेच आहे. थोड्या वेळाच्या मोठ्या आवाजाने त्या दमतात आणि एक-दोन दिवसांत सावरतात, आणि आपल्या मित्रांना 'आपोआप उतरलेला' दडा आठवतो तो हाच. आवाज त्याहून मोठा असेल किंवा फार वेळ चालला असेल तर त्या मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. दोन दिवसांनंतरही दडा आणि शिट्टी कायम असेल तर ती आपोआप उतरण्याची वाट पाहणे हा उपचार नव्हे.

आता मळाविषयी. मळ कानाच्या बाहेरच्या नळीत असतो आणि बिघाड आतल्या कानात झालेला असतो. मधे पडदा आहे. तेल त्या पडद्यापलीकडे जात नाही, आणि जात असेल तर पडदा फाटलेला आहे, म्हणजे तेल सोडणे अधिकच घातक. त्यातून जंतुसंसर्ग होतो, बुरशी वाढते, आणि तेल कोमटाऐवजी कडकडीत असेल तर नळीची कातडी भाजते. लसणाने त्यात काही भर पडत नाही. पडद्याची अवस्था न पाहता थेंब देणाऱ्या मेडिकलवाल्याने आपल्यावर उपकार केलेले नाहीत.

दडा मळाचा की नसेचा, म्हणजे आतल्या कानाचा, हे ओळखायला आम्ही ट्यूनिंग फोर्क (आपटल्यावर घुमणारा धातूचा काटा) वाजवून तो कपाळाच्या मधोमध टेकवतो आणि आवाज कोणत्या कानात येतो ते विचारतो. मळाचा दडा असेल तर आवाज बंद वाटणाऱ्या कानात अधिक ऐकू येतो. नस दुखावली असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो, आणि रुग्ण स्वतःच चकित होऊन उलट्या बाजूला बोट दाखवतो. घरी तोंड मिटून हुंकार भरून पाहिला तरी याचा अंदाज येतो. हुंकार दडा नसलेल्या कानात घुमत असेल तर त्याच दिवशी निघावे. बसलेल्या कानात घुमत असेल तरी दिलासा मानून घरी बसू नये, कारण हा अंदाजच आहे, निदान ऑडिओमेट्रीनेच, म्हणजे यंत्रावरील श्रवणचाचणीनेच होते.

घाई यासाठी, की ऐकू येणे एकाएकी कमी होते तेव्हा तज्ज्ञ बहुधा स्टिरॉइडचा विचार करतात, आणि त्याचा उपयोग होण्याची शक्यता पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते. दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. आपले नऊ दिवस तेल-थेंबांत गेले आहेत, म्हणून हे उत्तर वाचून संपण्याआधी तपासणीची वेळ ठरवावी. हे औषध कोणाच्या सांगण्यावरून स्वतः मात्र घेऊ नये. मधुमेह्यांची साखर त्याने झपाट्याने वाढते, आणि आम्लपित्त, रक्तदाब, जुना क्षयरोग हे सारे आधी पाहावे लागते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहेत. खासगी खर्च नको म्हणून थांबलो, हे कारण मी मान्य करणार नाही.

प्रश्न : डॉल्बीवाला सांगतो की नवीन डिजिटल सिस्टीमचा आवाज मऊ असतो, कानाला लागत नाही. मोबाईलवरील मापकही ९०च्या आसपास दाखवते. मग भीती कशाची? (जत)

उत्तर : डॉल्बीवाल्याला भाडे मिळते, कानाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. आवाज स्वच्छ असला म्हणून त्याची ताकद कमी होत नाही. उलट घरघर नसल्यामुळे माणूस अधिक वेळ जवळ उभा राहतो. कामगारांच्या कानांसाठी वापरला जाणारा हिशेब असा आहे, की ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी. म्हणजे ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटे आणि ११०ला जेमतेम दीड मिनिट. मोबाईलचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो. फार मोठा आवाज तो पूर्ण घेऊच शकत नाही आणि आकडा कमी दाखवतो. शेजाऱ्याशी बोलायला ओरडावे लागत असेल तर तेवढे मापक पुरे आहे. 'सवय झाली, आता त्रास होत नाही' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने ऑडिओमेट्री करून घ्यावी. अनेकदा ती सवय म्हणजे कमी झालेले ऐकणेच असते.

प्रश्न : कापसाचे बोळे घातले तर चालेल का? (मेढा)

उत्तर : नाही, त्याने आवाज नावापुरताच अडतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग बोटांनी वळून, कान वर-मागे ओढून आत बसवावेत, आणि कान वाहत असेल तर तेही घालू नयेत, आधी दाखवावे.

प्रश्न : आमचे हे चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर बसवून रॅलीत नेतात. मुलगा कानांवर हात ठेवतो, तरी 'त्याला मजा येते' म्हणतात. त्यांना आपण सांगावे. (कराड)

उत्तर : सांगतो. मुलाने कानांवर हात ठेवले म्हणजे त्याने आपले मत दिले आहे. खांद्यावर बसवल्याने त्याचे कान टेम्पोवरील भोंग्यांच्या थेट समोर येतात, आणि शिट्टी वाजते किंवा ऐकू कमी येते हे त्या वयात सांगता येत नाही. ते कळते तोवर शाळेतून तक्रार आलेली असते. सभेला न्यायचेच असेल तर स्पीकरपासून लांब, मागच्या बाजूला बसावे. सुतळी बॉम्ब जवळ फुटल्यावर कान दुखला, रक्त आले किंवा मूल हाकेला ओ देईनासे झाले तर कानात काहीही न घालता, पाणी न जाऊ देता तज्ज्ञाकडे न्यावे. मुलाची एकदा श्रवणचाचणी करून घेतलेली बरी.

प्रश्न : जेसीबीतून उधळलेल्या गुलालाने आठवडाभर नाक बंद आहे, शिंका थांबत नाहीत. मेडिकलमधून आणलेला नाकाचा स्प्रे घेतला की अर्धा दिवस बरे वाटते. (वाई)

उत्तर : नाक झटकन मोकळे करणारा असा स्प्रे पाच दिवसांहून अधिक वापरला तर नाक त्यानेच बंद राहू लागते, तो थांबवावा. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवावे. धाप किंवा छातीत घरघर असेल तर त्वरित दाखवावे.

प्रश्न : उन्हातल्या सभेत माझा घोळणा फुटला. लोकांनी मान मागे करायला लावली, कांदा हुंगवला. हे बरोबर होते का? (कवठेमहांकाळ)

उत्तर : दोन्ही चूक. मान मागे केल्याने रक्त घशात उतरते आणि कांद्याने काहीही होत नाही. बसून पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून घड्याळ लावून दहा मिनिटे सोडू नये आणि तोंडाने श्वास घ्यावा. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. चाळिशीनंतर घोळणा फुटला तर रक्तदाब मोजलाच पाहिजे.

प्रश्न : सभेत उभे राहिले की मला चक्कर येते. कानाचा तोल गेला असेल का? (फलटण)

उत्तर : अंथरुणात कूस बदलताना गरगरत असेल तर कान पाहू, उन्हात तासन्‌तास उभे राहून येणारी चक्कर बहुतेकदा पाणी आणि रक्तदाब कमी झाल्याची असते. २०२४ साली आपल्याकडे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी होते, म्हणजे सारा प्रचार भर उन्हाळ्यात झाला. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, हे विसरू नये. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी, आणि त्या नावाने खोक्यातून विकली जाणारी गोड पेये तिच्याऐवजी घेऊ नयेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांना ते नाव वापरण्यास मनाई केली, तोवर ती वर्षानुवर्षे औषध म्हणून खपवली गेली. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ओआरएससुद्धा विचारून घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि १०८ला फोन करावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न : वडिलांना भाषण ऐकू येत नाही म्हणून ते थेट स्पीकरखाली बसतात. जाहिरातीत दीड हजारात कानाचे मशीन मिळते आहे. मागवू का? (पलूस)

उत्तर : मागवू नये. ती यंत्रे सगळेच आवाज सरसकट मोठे करतात, आणि ऑडिओमेट्रीशिवाय दिलेले यंत्र उरलेले ऐकणेही बिघडवू शकते. जागेवरच पैसे भरून घेणाऱ्या 'मोफत' शिबिरांनाही हेच लागू आहे. वडिलांना स्पीकरखालून उठवावे आणि तपासणीला आणावे.

प्रश्न : प्रचाराचा भोंगा घरासमोर रात्री अकरापर्यंत वाजतो. आईची झोप उडाली आहे, रक्तदाब वाढला आहे. काय करावे? (सांगली)

उत्तर : ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. ११२ वर तक्रार करावी. आईचा रक्तदाब उद्या सकाळी पुन्हा मोजावा आणि तो आकडा घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जावे.