क्रेन विजेवर गेली, मग डिझेल मेकॅनिकचं काय?

प्रश्न : माझा मुलगा डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून न्हावा-शेवा बंदरात एका ठेकेदाराकडे आरटीजी क्रेनच्या (यार्डात कंटेनर उचलणाऱ्या रबरी चाकांच्या क्रेनच्या) जनरेटरचं काम बघतो. आता सगळ्या क्रेन विजेवर घेणार म्हणतात. पण वीज तरी कोळशाचीच ना? मग फरक काय पडला? आणि त्याच्या नोकरीचं काय?
– एक वाचक, उरण

उत्तर : कोळशाची शंका रास्त आहे. माझी सगळी नोकरी बंदराच्या विद्युत विभागात गेली, तेव्हा हिशेबच मांडतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जनरेटर नीट भारावर असेल तर त्या लिटरमागे साडेतीन-पावणेचार युनिट वीज मिळते, म्हणजे युनिटला पाऊण किलोच्या आसपास. आपल्या ग्रिडची सरासरीही ०.७ किलोच्या आगेमागेच आहे. एवढंच बघितलं तर तुमचं बरोबर.

पण आरटीजीचा जनरेटर नीट भारावर असतो कधी? क्रेन यार्डात ट्रेलरची वाट बघत उभी आणि इंजिन मात्र चालूच, कारण ट्रेलर आला की लगेच उचलायचं असतं. ते डिझेल निव्वळ वाया. दुसरी गोष्ट मुलाला विचारा, त्याने रोज बघितली असेल. भरलेला कंटेनर खाली येताना मोटरच जनरेटर होते, वीज तयार करते. डिझेल क्रेनवर ती घ्यायला कोणी नसतं, म्हणून रेझिस्टरच्या पेटीत जाळून टाकतात. त्या पेटीजवळ नुसतं उभं राहिलं तरी झळ बसते. केबलवरच्या क्रेनला योग्य ड्राइव्ह (मोटरची वीज नियंत्रित करणारं यंत्र) बसवला तर तीच वीज लाइनला परत जाते. खरी बचत या दोन ठिकाणी आहे. शिवाय यार्डात कंटेनर तपासणाऱ्या चेकरच्या नाकाशी जो धूर होता, तो गेला. याची किंमत कार्बनच्या तक्त्यात दिसत नाही, पण मला विचाराल तर पहिला फायदा तोच.

जहाजांची गोष्ट वेगळी. धक्क्याला लागल्यावरही दिवे, पंप, रीफर (थंड ठेवायचे कंटेनर) यांच्यासाठी सहायक इंजिनं चालूच असतात. किनाऱ्यावरून वीज द्यायची तर बहुतेक मोठी जहाजं ६० हर्ट्झची आणि आपली लाइन ५०ची. ही वारंवारता जुळवणाऱ्या मधल्या कन्व्हर्टरपायीच खर्च वाढतो. स्वीडनच्या गोथेनबर्गने २००० सालीच मालवाहू जहाजांना उच्च दाबाची वीज दिली. युरोपच्या मोठ्या बंदरांत २०३०पासून कंटेनर जहाजांना अशी जोडणी घ्यावीच लागणार आहे. त्या मार्गावरची जहाजं आपल्याकडेही येतात, म्हणून आपल्या धक्क्यांवरही ही सोय आज ना उद्या करावी लागेल.

आता नोकरी. केंद्राच्या २०२३च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांत बंदरांतली निम्म्याहून जास्त यंत्रं-वाहनं २०३०पर्यंत विजेवर आणि २०४७पर्यंत ९० टक्के, असं उद्दिष्ट आहे. म्हणजे डिझेलचं काम उद्या संपत नाही, पण वाढणारही नाही. यार्डातल्या कंटेनरच्या एका ब्लॉकमधून (थप्प्यांच्या पट्ट्यातून) दुसऱ्यात जाताना आरटीजीची केबल सोडावी लागते, चाकं काटकोनात वळवून क्रेन पलीकडे न्यावी लागते. तेवढ्यासाठी क्रेनवर इंजिन किंवा बॅटरी ठेवतातच. रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारी गाडी) आणि जहाजं ओढणारे टग अजून बहुतांशी डिझेलवरच आहेत.

तरी मुलाला एवढ्यावर बसू देऊ नका. केबल गुंडाळणाऱ्या रीलच्या स्लिप रिंगवर (फिरत्या रीलला वीज पोचवणाऱ्या कड्यांवर) कार्बन ब्रश घासले जातात, त्यात खाऱ्या हवेने इन्सुलेशन ढासळतं आणि पावसाळ्यात क्रेन ट्रिप होते. मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण) लावून हा दोष नेमका शोधणारा माणूस आमच्या वेळीही लवकर मिळत नसे. ड्राइव्ह आणि पीएलसीचा (यंत्र आपोआप चालवणाऱ्या छोट्या संगणकाचा) कोर्स त्याने आत्ताच करावा, वायरमनच्या परवान्याची चौकशीही करावी. आणि उच्च दाबाची केबल असेल तर लेखी परमिट हातात आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, सुपरवायझर कितीही घाई करो.