‘विंग्ज’ (१९२७) या मूकपटाचं एवढं कौतुक का होतं? त्यातली प्रेमकथा तर बाळबोध वाटते.

तुम्ही लिहिलंय की विमानांची दृश्यं आवडली, पण दोन मित्र आणि एक मुलगी हे प्रकरण शंभरदा पाहिल्यासारखं वाटलं, आणि संवादच ऐकू येत नसल्यामुळे पात्रं परकी राहिली. पहिली तक्रार मला निम्मी मान्य आहे. दुसरीबद्दल माझं मत नेमकं उलटं आहे. माझ्या मते हा चित्रपट मुका आहे म्हणूनच इतका लागतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवटही सांगावा लागणार आहे, त्याशिवाय मुद्दा मांडता येणार नाही. अमेरिकेतल्या एका लहान गावात जॅक (चार्ल्स ‘बडी’ रॉजर्स) आणि डेव्हिड (रिचर्ड आर्लेन) हे दोघे तरुण सिल्व्हियावर प्रेम करतात. सिल्व्हियाचा जीव डेव्हिडवर आहे. शेजारच्या मेरीचा (क्लारा बो) जीव जॅकवर आहे, पण त्याचं तिच्याकडे लक्ष नाही. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरते, दोघे वैमानिक होतात, मेरी रुग्णवाहिका चालवायला फ्रान्सला जाते.

आता आधी विमानांबद्दल, कारण प्रेमकथेचं कोडं तिथेच सुटतं.

दिग्दर्शक विल्यम वेलमन तेव्हा जेमतेम तिशीचा होता. त्याला हे काम मिळालं यामागे एक मोठं कारण होतं: तो स्वतः युद्धात फ्रेंचांच्या बाजूने लढाऊ विमान उडवून आलेला होता. मूळ कथा लिहिणारा जॉन माँक साँडर्स युद्धकाळात वैमानिकांना शिकवायचा. आर्लेनने कॅनडात लष्करी उड्डाणाचं शिक्षण घेतलेलं होतं, आणि रॉजर्स तर चित्रीकरणाच्या वेळीच विमान उडवायला शिकला. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोजवळ केली फील्ड या लष्करी तळावर बहुतेक चित्रीकरण झालं. विमानं, वैमानिक, हजारो सैनिक, सगळं अमेरिकन सैन्याने पुरवलं. थॉमस-मोर्स विमानं अमेरिकन झाली, कर्टिस विमानांवर जर्मन रंग चढवला गेला.

पण मला सगळ्यात जास्त भावते ती कॅमेऱ्याची जागा. इंजिनाच्या मागे, वैमानिकाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून कॅमेरा विमानावरच बसवला होता. तो चालवायला दुसरं कुणी नाही. नटाने हवेत गेल्यावर स्वतःच कॅमेरा सुरू करायचा आणि अभिनय करायचा. म्हणून रॉजर्सच्या गालांवरून वारा जाताना दिसतो तो खराच वारा असतो. विमान कलतं तेव्हा त्याच्या खांद्यामागची जमीन खरोखर कलते. चेहऱ्यावरचा ताण पंख्यासमोर स्टुडिओत बसून आणलेला नाही.

दुसरी गोष्ट ढगांची. निरभ्र आकाशात विमान टिपलं तर ते एका जागी टांगल्यासारखं दिसतं. वेग कळायला मागे काहीतरी हवं असतं. वेलमनला हे उडण्याच्या अनुभवातून माहीत होतं, म्हणून तो ढग येईपर्यंत चित्रीकरणच करेना. दिवसच्या दिवस सगळं पथक बसून, आणि वर स्टुडिओचा तगादा. पुढच्या वेळी बघाल तेव्हा चकमकींमध्ये नुसते ढग बघा. विमानं त्यांच्या आड जातात, बाहेर येतात, आणि आकाशाला खोली येते. वेलमनचा हट्ट किती योग्य होता हे तेव्हा पटतं. (जीव धोक्यात घालणाराही एक होता. डिक ग्रेस नावाचा कसरतपटू ठरवून विमान आपटायचा. या चित्रपटासाठीच्या अशाच एका आपटण्यात त्याची मान मोडली.)

आता मुक्या असण्याचा मुद्दा. उघड्या विमानात, इंजिनाच्या गर्जनेत, वैमानिकाला शेजारच्या विमानातल्या माणसाचा आवाज येणं शक्यच नसतं. बोलायचं ते हाताने, मानेने, पंख हलवून. म्हणजे हवाई युद्ध हा मुळातच मूकपट आहे. पहिल्या मोठ्या चकमकीत डेव्हिडची मशिनगन अडकते. जर्मन वैमानिक केलरमनला ते दिसतं, आणि तो गोळी झाडण्याऐवजी हात उंचावून सलाम करतो आणि वळून निघून जातो. या प्रसंगाला एक शब्द जोडला असता तरी तो बिघडला असता.

आणि जमिनीवर काय चाललंय ते बघा. तिथे आवाज पोचू शकतो, तरी कुणीच बोलत नाही. जॅक निरोप घ्यायला येतो, सिल्व्हियाचा फोटो असलेलं लॉकेट दिसतं, ते आपल्यासाठीच आहे असं समजून तो हरखून घेतो. ते असतं डेव्हिडसाठी. सिल्व्हियाला सांगवत नाही. डेव्हिडला कळतं, पण तोही सांगत नाही. पुढे लॉकेटमधला फोटो खाली पडतो. फोटोच्या मागे सिल्व्हियाने डेव्हिडसाठी लिहिलेलं जॅकने वाचलं तर तो मोडून पडेल, म्हणून डेव्हिड तो फोटो फाडून टाकतो. जॅकला वाटतं हा मत्सराने फाडतोय. दोघांचं भांडण होतं आणि तशाच मनःस्थितीत ते उड्डाणाला जातात. तुम्हाला जो प्रेमत्रिकोण बाळबोध वाटला, त्यातून इथे एका माणसाचा दुसऱ्याला जपण्याचा प्रयत्न उरतो, आणि तोच प्रयत्न दोघांना तोडतो.

त्यानंतर जे होतं ते चित्रपटाचं काळीज आहे. डेव्हिडचं विमान पडतं. तो मेला असं समजून जॅक सूडाने पेटतो. डेव्हिड जिवंत असतो, जर्मन विमान चोरून परत निघतो, आणि समोर जॅक येतो. डेव्हिड जिवाच्या आकांताने ओरडतो. आपल्याला त्याचे हलणारे ओठ दिसतात, पाटीवर त्याचे शब्द येतात, आणि जॅकला यातलं काहीच ऐकू जात नाही. त्याला फक्त विमानावरचा जर्मन क्रॉस दिसतो. ध्वनी असता तर आपल्याला ती हाक ऐकू आली असती आणि आपण जॅकपेक्षा वेगळ्या जागी बसलो असतो. इथे आपणही त्याच्याइतकेच बहिरे असतो. खाली उतरून पाडलेल्या विमानावरचा तो क्रॉस विजयचिन्ह म्हणून फाडून घेताना जॅकचा चेहरा हसरा आहे, तो शॉट मला सहन होत नाही.

नंतर मरणाऱ्या डेव्हिडला जवळ घेऊन जॅक त्याच्या केसांतून हात फिरवतो, त्याचं चुंबन घेतो. एवढी जवळीक या चित्रपटात सिल्व्हियाच्या किंवा मेरीच्या वाट्यालाही आलेली नाही. मृत्यू दाखवायला वेलमन विमानाचा फिरणारा पंखा हळूहळू थांबताना दाखवतो. माझ्या दृष्टीने ‘विंग्ज’ची प्रेमकथा ही आहे. छावणीतल्या मुष्टियुद्धात तोंडातून रक्त येत असतानाही डेव्हिड पुन्हा पुन्हा उठतो आणि मारणारा जॅकच शेवटी त्याला मिठीत घेतो, तिथे ती सुरू झालेली असते. त्या दृष्टीने पाहिलं तर ती मला कुठेही बाळबोध वाटत नाही.

गॅरी कूपरबद्दल सांगायलाच हवं. तो जेमतेम दोन-तीन मिनिटं आहे. कॅडेट व्हाइट तंबूत येतो, चॉकलेटचा एक घास घेतो, उरलेलं पलंगावर टाकतो आणि सरावाला जातो. जमिनीवरून विमानाची सावली सरकते, बाहेर धावपळ होते. दोघे नवशिके त्या अर्धवट खाल्लेल्या चॉकलेटकडे बघत राहतात. प्रेत दाखवलेलं नाही. या एवढ्याशा भूमिकेने कूपरकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, यात मला काहीच नवल वाटत नाही.

तुमच्या तक्रारीतलं जे मान्य आहे तेही सांगतो. हर्मन श्विम्फ या पात्राचे विनोद कंटाळवाणे आहेत. पॅरिसमधला दारूच्या बुडबुड्यांचा प्रसंग फार ताणलाय, जरी त्याच्या सुरुवातीला कॅमेरा टेबलांवरून, बसलेल्या जोडप्यांच्या मधून सरळ जॅकच्या ग्लासपर्यंत जातो तो शॉट आजही थक्क करतो. आणि मेरीवर खरोखर अन्याय झालाय. नशेत बुडालेल्या जॅकला सांभाळून ती कपडे बदलत असताना लष्करी पोलीस आत शिरतात, गैरसमज होतो, आणि तिची नोकरी जाते. क्लारा बो तेव्हा पॅरामाउंटची, म्हणजे हा चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओची, सगळ्यात मोठी तारका होती. त्या प्रसंगात अपमान गिळतानाचा तिचा चेहरा पटकथेपेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. एवढं सोसल्यावर तिला शेवटी फक्त जॅक मिळतो, आणि तोही उशिरा. तिथे तुमचं समाधान झालं नसेल तर माझंही झालेलं नाही.

पुरस्काराबद्दल तुम्ही विचारलंय. १६ मे १९२९ रोजी झालेल्या पहिल्याच ऑस्कर समारंभात याला उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी ‘सनराइज’ला कलात्मक निर्मितीसाठी वेगळा सन्मान होता, पण पुढे पहिला ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणून ‘विंग्ज’च मोजला गेला. वेलमनला मात्र दिग्दर्शनाचं साधं नामांकनही नव्हतं.

मधल्या काळात हा चित्रपट हरवल्यातच जमा होता, पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या चित्रपट-संग्रहालयात प्रत सापडली म्हणून वाचला. आपल्या बाबूराव पेंटरांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहीत, त्यामुळे अशी बातमी वाचली की आनंदाबरोबर हळहळही वाटते.

शेवटचं, आणि कदाचित तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही कोणती प्रत बघितली? इंटरनेटवर धुरकट, भलतंच संगीत चिकटवलेल्या प्रती खूप फिरतात. पॅरामाउंटने २०१२ साली स्वतःच्या शंभरीनिमित्त केलेली दुरुस्त प्रत शोधा. त्यात जे. एस. झामेक्निकचं मूळ संगीत नव्याने वाजवलंय, आणि पेटत्या विमानांच्या ज्वाळांना १९२७ सारखाच नारिंगी रंग पुन्हा दिलाय. लांबी सुमारे अडीच तास आहे. एका बैठकीत जमत नसेल तर पॅरिसच्या प्रसंगाआधी थांबा, त्यानंतरचा भाग मात्र सलग बघा.