अलिबागकडे खाडीजवळ स्वस्तात भातशेती मिळतेय, समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरच वाढतो तर घाबरायचं कशाला?

मी खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या पट्ट्यातला, म्हणून लिहितो.

आकडा बरोबर आहे तुमचा. २००६ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी वर्षाला ३.७ मिमी होती आणि १९०१ पासून २०१८ पर्यंत धरलं तर २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. पण हे वीतभर पाणी पुळणीवर उभं राहून दिसत नाही ओ, ते मागून येतं, खाडीतून. आमची शेतं उधाणाच्या पातळीच्या खाली आहेत, बांध आहे म्हणून जमीन आहे. बांधात उघाडी असते, तिची झडप भरतीला खाडीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते. आता खाडीच वर आली तर झडप उघडी राहायचा वेळ कमी होणार, पाऊस तेवढाच किंवा जास्त, मग बांध न फुटताही भात कुजतो. सगळे बांधाची उंची बघतात, उघाडीकडे कोणी बघत नाही. माझ्या मते प्लॅनिंग तिथूनच सुरू व्हायला पाहिजे.

आमच्या बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, ती खेकड्याच्या बिळातून. सकाळी मुठीएवढं भोक होतं, वडील म्हणाले आजच चिखल भरू, माणसं जमेपर्यंत रात्रीची भरती आली आणि बैलगाडी जाईल एवढी वाट पडली. तीन वर्षं भात नाही, विहीर मचूळ, आणि शेतात कांदळ, म्हणजे खारफुटी, रुजलं. बांधाच्या बाहेर कांदळ हवंच, लाटांचा मार तेच खातं, पण शेतात वाढलं की कायद्याने तोडता येत नाही, शेती गेली म्हणून समजा.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची नोंद आहे, आमच्या खाडीच्या टोकाला कोण मोजणार? म्हणून आम्ही पोरं विजेच्या खांबावर ऑइलपेंटने प्रत्येक मोठ्या उधाणाची रेघ मारतो, तारीख टाकून. ग्रामसभेत नुसतं पाणी वाढलंय म्हटलं तर कोणी ऐकत नव्हतं, रेघांचे फोटो दाखवले तेव्हा बांध उंच करायचा ठराव झाला.

जागा बघायला मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा सगळंच कोरडं आणि छान दिसतं. श्रावणात अमावस्या नाहीतर पुनवेनंतर एक-दोन दिवसांनी भर भरतीला बांधावर जाऊन उभे रहा, पाणी माथ्यापासून किती खाली आहे ते बघा. सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सरकारी बंधनं असलेल्या पट्ट्याचा, नकाशा तर बघाच. आणि शेजारच्या शेतकऱ्याला विचारा की उघाडीतला गाळ शेवटचा कधी आणि कोणी काढला.