नव्या फ्लॅटमध्ये २५ लिटरच्या गीझरला किती एमएमचा फास्टनर लावावा?

एमएम नंतर, आधी भिंत कशाची आहे ते बघा. नवा फ्लॅट म्हणता, म्हणजे ती बहुधा ४ इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी हलक्या केलेल्या काँक्रीटची, सिपोरेक्स म्हणतात ती. तिथे लोखंडी फास्टनर, म्हणजे भोकात फाकून बसणारा बोल्ट, कितीही जाड घ्या, चुकीचाच.

नट आवळला की बोल्टच्या टोकाचा शंकू ओढला जातो, स्लीव्ह (बोल्टवरची नळी) फाकते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. पकड ती एवढीच. एम२० दर्जाच्या काँक्रीटची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, ब्लॉकची ३ ते ४. स्लीव्ह फाकली की ब्लॉकचाच चुरा होतो.

एका बाथरूमात नेमकं हेच झालेलं पाहिलंय. ८ चा नट फिरतच राहिला, म्हणून फिटरने १० चा घातला. तोही फिरला. मग १२ चा, भोकात सिमेंट कोंबून. टाइलच्या आधारावर काही दिवस निघाले. पाणी धरून गीझर ३५ किलोच्या आसपास, टाकी भिंतीपासून पुढे आलेली; त्यामुळे वरचे बोल्ट खाली दाबले जातात तसेच बाहेरही ओढले जातात. ते सरकले, टाइल तडकली आणि सगळं वजन कनेक्शन पाइपांवर आलं. नट फिरत राहिला तेव्हाच थांबायला हवं होतं. मोठा फास्टनर हा त्यावरचा इलाज नाही, हे फिटर लोकांना किती वेळा सांगायचं!

ब्लॉकच्या भिंतीत १० एमएमचा थ्रेडेड रॉड आरपार काढा आणि मागे १०० बाय १०० बाय ५ एमएमची प्लेट लावा. पलीकडे बेडरूम असेल तर प्लेट प्लास्टरमध्ये बुडवा. आरपार जमत नसेल तर गीझर आरसीसी बीमवर किंवा कॉलमवर घ्या.

काँक्रीट असेल तर १० एमएमचा फास्टनर पुरे. ड्रिलचं बिट त्याच्या खोक्यावर लिहिलेल्याच मापाचं घ्या. भोक बोल्ट बसतो त्याहून १० एमएम खोल हवं, आणि प्लास्टरची जाडी त्या खोलीत धरायची नाही. कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या दहापट अंतर ठेवा. बिट सळईला लागलं तर भोक सरकवा, सळई कापू नका. मग ब्रश आणि पंप मारून धूळ काढा. 'आवळलं की बसतंच' म्हणत हेच टाळलं जातं. धुळीवर स्लीव्ह घसरते. आणि पाना अंगाचा जोर लावून फिरवायचा नाही, त्याने बोल्टचे आटे ताणले जातात.

विटेची ९ इंची भिंत असेल तर भोक विटेच्या मध्यावर घ्या, सांध्यात नको. चुन्याच्या जुन्या बांधकामात मात्र तिथेही आरपार रॉडच.

हे सगळं स्थिर वजनाचं. छताच्या पंख्याला यातलं काही लावू नका, त्याला स्लॅबमधला हूकच हवा.