‘संतांची प्रार्थना’ की ‘संतांकडे विनंती’?

प्रश्न असा आला आहे: “मिरजेत आमच्या शेजारी कॅथलिक कुटुंब राहतं. त्यांच्या जपमाळेत मरियेला, म्हणजे येशूच्या आईला, ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणतात. देव असताना संतांची प्रार्थना कशाला? इथले बाकीचे ख्रिस्ती तर असं करत नाहीत. आणि याला मराठीत नेमकं म्हणायचं काय?”

‘संतांची प्रार्थना’ या प्रयोगातच घोटाळा आहे. ‘गणपतीची प्रार्थना’ म्हणजे गणपतीला केलेली आणि ‘मुलांची प्रार्थना’ म्हणजे मुलांनी केलेली. कॅथलिकांना अभिप्रेत असतो तो दुसरा अर्थ: संतांनी आपल्यासाठी देवाकडे केलेली.

त्यांच्या उपासनेतलं क्रियापदच बघा ना. ईस्टरच्या आदल्या रात्री किंवा धर्मगुरूंच्या दीक्षाविधीत संतांची लितानी, म्हणजे नामावळीची विनवणी, गातात. दीक्षा घेणारा वेदीपुढे पालथा पडलेला असतो, गाणारा एकेक नाव घेत जातो आणि लोक पालुपद म्हणतात. प्रभूला हाक मारली की ‘आमच्यावर दया कर’. मरिया, योसेफ, पेत्र, पौल ही नावं सुरू झाली की ‘आमच्यासाठी विनंती कर’. लॅटिनमध्ये ‘ओरा प्रो नोबिस’. दया संतांकडे कुणी मागत नाही. ती देण्याचा अधिकार त्यांचा नाही, हे पालुपद बदलण्यातूनच कळतं. म्हणून ‘संतांची पूजा’ हा शब्द तर टाळावाच. देवाची आराधना वेगळी, संतांचा आदर वेगळा, हा भेद चर्च जुन्या काळापासून काटेकोर पाळत आलं आहे.

शेजारचे बाकीचे ख्रिस्ती असं का करत नाहीत? मिरज-सांगलीकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने काम केलं (मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यांचंच), साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनने. दोन्ही प्रॉटेस्टंट, म्हणजे कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथांतले. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त, असं बायबलमध्ये, पौलाच्या नावावर असलेल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे (२:५), त्यावर ते बोट ठेवतात. कॅथलिक त्याच अध्यायाचं पहिलं वचन दाखवतात: सगळ्या माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना करा. जिवंत भावाला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हटल्याने ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नसेल, तर देवाजवळ पोचलेल्याला म्हटल्याने कसं होईल? मरणाने हे नातं तुटत नाही, ही त्यांची श्रद्धा. खरा मतभेद इथे आहे. संतांना असं विनवणं चांगलं व उपयोगी, असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवून टाकलं.

आता शब्द. ‘मध्यस्थी’ चालतो, पण ‘मध्यस्थ’ म्हटलं की सांगलीकराच्या डोळ्यांपुढे हळदीच्या सौद्यातला अडत्या उभा राहतो, अडत कापून घेणारा. ‘वशिला’ मूळ अरबी, जवळ जाण्याचं साधन अशा चांगल्या अर्थाचा. आपल्या कचेऱ्यांनी त्याची पार रया घालवली. ‘रदबदली’ मला जास्त आवडतो: दुसऱ्यासाठी वरिष्ठांपाशी शब्द टाकणं, आणि निर्णय मात्र वरिष्ठांचाच.

पण सगळ्यांत नेमकं क्रियापद तुकोबांकडे आहे. ‘कृपाळू सज्जन तुम्ही संतजन’ या अभंगात ते संतांना विनवतात, ‘आठवण तुम्ही द्यावी पांडुरंगा’, आणि शेवटी म्हणतात, ‘तुका म्हणे तुम्ही निरविल्यावरी । मग मज हरि उपेक्षीना’. निरवणे म्हणजे एखाद्याला दुसऱ्याच्या हवाली करणं, ‘याला सांभाळा’ म्हणून सांगणं. ‘निरवानिरव’मध्ये ते अजून टिकून आहे. वारकऱ्यांचं आणि कॅथलिकांचं तत्त्वज्ञान एक आहे असं मी म्हणत नाही, तो गुळमुळीत समन्वय मला नकोच. पण ‘मी देवाकडे थेट जाऊ शकतो, तरी तुम्हीही माझं नाव घ्या’ ही मागणी मराठीला परकी नाही, एवढं या अभंगावरून नक्की दिसतं.

एरवीच्या लिखाणात मात्र ‘निरवणे’ कळायचं नाही. तिथे ‘संतांना आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतात’ असं सरळ लिहावं. वाक्य लांबतं, पण कोण कुणाकडे काय मागतो यात गोंधळ राहत नाही. आणि शेजाऱ्यांच्या तोंडी आहे तसंच हवं असेल, तर ‘विनंती’ आहेच.