शाळेत शिकवता शिकवता डोंगरातल्या लोककथा जमवणारा कुणी खराखुरा मास्तर होऊन गेलाय का?

तुम्ही विचारलंय की शाळेची नोकरी सांभाळून असं काम केलेला कुणी आहे का, की हे सगळं युनिव्हर्सिटीवाल्यांचंच खातं. आहे ना, लेनर्ड रॉबर्ट्स. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेला अ‍ॅपलाचियाचा डोंगराळ पट्टा आहे, तिथलाच, १९१२ साली फ्लॉइड काउंटीत जन्मलेला. मी लेक्सिंग्टनला राहायचो तेव्हा लायब्ररीत त्याचं पुस्तक हाती लागलं आणि मग नादच लागला.

१९४० च्या दशकात हा माणूस बेरिया कॉलेजच्या शाळेत इंग्रजी शिकवत होता. बेरियाला डोंगरातली गरीब घरची पोरं शिकायला यायची, फी नाही पण काम करावं लागायचं. रॉबर्ट्सने काय केलं, तर पोरांनाच सांगितलं की घरी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून आणा. झालं, तिथून सुरुवात. आणि मग त्याच पोरांच्या ओळखीने तो त्यांच्या घरापर्यंत पोचला, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण डोंगरात अनोळखी माणसाला कोण दारात बसून गोष्ट सांगणार हो, पण 'आमचे मास्तर आलेत' म्हटलं की सगळं सोपं होतं.

१९४९ मध्ये त्याला लेस्ली काउंटीत एक अकरा वर्षांची मुलगी भेटली, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी धडाधड सांगणारी. तिच्या एका गोष्टीत सावत्र आईने छळलेली पोरगी विहिरीवर जाते तर आतून रक्ताळलेली मुंडकी वर येतात आणि म्हणतात, आम्हाला धू, पूस आणि हळूच खाली ठेव. ही न घाबरता तसं करते आणि तिचं भलं होतं, दुसरी नाक मुरडते आणि भोगते. (नावडतीच्या कहाण्या ऐकत मोठे झालेल्यांना हे ओळखीचं वाटेल.) पुढे पन्नासेक वर्षांनी कार्ल लिंडाल नावाच्या अभ्यासकाने त्याच बाईंना गाठून पुन्हा गोष्टी रेकॉर्ड केल्या. रॉबर्ट्सने कुणाकडून काय ऐकलं ते नीट टिपून ठेवलं होतं म्हणूनच हे जमलं.

त्याच सुमाराला रिचर्ड चेज नावाचा माणूस पण डोंगरातल्या जॅक नावाच्या हुशार पोराच्या गोष्टी छापत होता, पुस्तक प्रचंड गाजलं, पण तो चार जणांच्या गोष्टी एकत्र करून, घासूनपुसून एक गोष्ट बनवायचा. वाचायला मस्त, नाही म्हणत नाही. पण मला रॉबर्ट्स आवडतो, कारण माणूस अडखळला, मधलंच विसरला तरी तो तसंच ठेवतो.

त्याचा मोठा संग्रह १९५५ ला आला, शंभरावर गोष्टी, नावात हेल-फर-सार्टिन म्हणजे तिथला एक ओढा. १९५९ च्या पुस्तकाच्या नावातही कटशिन आणि ग्रीझी, परत ओढेच! तिकडे माणूस राहतो कुठे तर अमुक ओढ्यावर, पत्ताच तो. या दुसऱ्या पुस्तकात काउच नावाचं एकच कुटुंब घेतलंय आणि नुसत्या गोष्टी नाहीत, ते लोक जगायचे कसे, चोरून दारू कशी गाळायचे, सगळं त्यांच्याच तोंडून.

आता कुणी म्हणेल की तो तर पीएचडी होता आणि पुढे कॉलेजात प्राध्यापक झाला. हो, पीएचडी १९५३ ची, पण गोष्टी आधी आणि डिग्री नंतर, पहिला संग्रह त्या प्रबंधातूनच निघाला. १९८३ मध्ये अपघातात गेला बिचारा. रेकॉर्डिंग्ज आजही बेरियाच्या अर्काइव्हमध्ये आहेत. वाचायचंच असेल तर काउच कुटुंबापासून सुरू करा, १९५५ च्या संग्रहात मागे कथाप्रकारांचे नंबर (सारख्या गोष्टी ओळखायला अभ्यासक देतात ते) आणि टिपा आहेत त्या पहिल्यांदा सोडून दिल्या तरी चालतील.