शेवटचा कागद कोणाच्या हातात?

प्रिय मुली,

तुझी मेल सकाळीच वाचली. बाबा यूट्यूबवर ‘माइंड युवर लँग्वेज’ लावून अजून खळखळून हसतात आणि तुला तिथून उठून जावंसं वाटतं, हा एक प्रश्न. लंडनच्या एका नव्या मालिकेत पुण्याचं कुटुंब आहे, त्यांनी तुला ‘सांस्कृतिक सल्लागार’ म्हणून बोलावलंय आणि हो म्हणावं की नाही ते कळत नाही, हा दुसरा. तू ते वेगवेगळे समजून विचारलेस. माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे, म्हणून उत्तरही एकच देते. पडद्यावर कोणाचा चेहरा आहे ते मोजत बसू नकोस. स्क्रिप्टचा शेवटचा कागद कोणाच्या हातात होता ते शोध.

आधी बाबांचं बघू. लंडनमध्ये इंग्रजी शिकायला आलेल्या परदेशी लोकांच्या वर्गाची ती मालिका १९७७ साली आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर आली. रणजीतसिंग झालेले आल्बर्ट मोझेस सिलोनचे, अली झालेले दिनो शफीक ढाक्याचे, वर्गात विणत बसणारी बाई म्हणजे सिमल्यात जन्मलेल्या जमीला मॅसी. चेहऱ्यांत खोट काढायला जागा नाही. लिहिणारे मात्र विन्स पॉवेल. त्याआधी ‘लव्ह दाय नेबर’ ही मालिका लिहिणाऱ्या जोडीतले ते एक, आणि तिच्यात गोरा शेजारी कृष्णवर्णीय शेजाऱ्याला तोंडावर वंशावरून शिव्या देतो. मग वर्गातल्या रणजीतच्या वाट्याला काय येणार? ऊठसूट हात जोडायचे आणि ‘हजार वेळा माफी’ मागायची. त्या माणसाला घर नाही, बायकोची चिंता नाही, शिफ्ट संपवून पाय दुखत वर्गात आल्याची खूण नाही. बाबा हसतात ते त्या नटांच्या टायमिंगला. हसू देत त्यांना. वाद घालायचाच असेल तर कागदाशी घाल.

त्या नटांना तू ‘लाचार’ म्हटलंस, तो शब्द मात्र मला लागला. त्याच दिनो शफीकना ‘इट एन्ट हाफ हॉट मम’मध्ये बघ. बीबीसीवर १९७४ ते १९८१ चालली ती. गोष्टीची सुरुवात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, १९४५च्या लष्करी छावणीत होते. देवळाली अर्थात इंग्लंडमध्येच उभी केलेली. भारतीयांमधली सगळ्यात मोठी भूमिका रंगी रामची, आणि ती मायकेल बेट्स या इंग्रज नटाला, तोंडाला तपकिरी रंग लावून. बेट्स झाशीत जन्मलेले, हिंदुस्तानी उत्तम बोलायचे, हेही खरं. पण एकाच फ्रेममध्ये रंगवलेला इंग्रज भाव खातोय आणि खरा ढाक्याचा माणूस शेजारी चहाची किटली घेऊन उभा आहे! याच बीबीसीवर गोरे गायक चेहरे काळे करून नाचायचे, तो ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’. तो बंद करा म्हणून १९६७ साली अर्ज गेला, तरी पुढे १९७८पर्यंत सुरू होता. त्या इंग्लंडमध्ये शफीकनी किटली नाकारली असती तर तिथे आणखी एक रंगवलेला इंग्रज आला असता. मी स्वतः कित्येक वर्षं गोऱ्या नटांना भारतीय हेल शिकवला. त्यावर घरभाडं भरलं, मुलाची फी भरली. त्याची मला लाज वाटत नाही आणि तूही कोणाच्या भाड्याच्या पैशांना नावं ठेवू नकोस.

खंत आहे ती वेगळीच. एका मालिकेसाठी मी सल्लागार होते. पुणेरी घर, गणेश चतुर्थी, आणि आई समोसे तळतेय. मी समासात लिहिलं, ‘उकडीचे मोदक’. त्यांनी आनंदाने बदललं, आभाराची चिठ्ठीसुद्धा आली. त्याच पानावर खाली बाप मुलीला न विचारता तिचं लग्न ठरवतो आणि आई बसल्या जागी मान डोलावते. तिथे मी अर्धं पान भरून लिहिलं, की या वयाची, नोकरी केलेली पुण्याची बाई अशी गप्प बसणार नाही, ती आधी नवऱ्याला आत बोलावून झापेल. उत्तर आलं, ‘स्क्रिप्ट लॉक झालंय.’ प्रसंग जसाच्या तसा शूट झाला, फक्त ताटात मोदक होते. सल्लागाराला ताट बदलू देतात, वाक्य बदलू देत नाहीत. इतकी वर्षं या धंद्यात काढून माझ्या नावावर लेखक म्हणून एकही भाग नाही, हे मला आजही सलतं. त्यानंतर ‘आधी लेखकांच्या खोलीत बसवा, नाहीतर मला बोलावू नका’ म्हणायला लागले. कामं कमी झाली. मैत्रिणी म्हणाल्या, तू अडून बसतेस. बसले. मी बरोबरच होते, आणि हे मी तुला पटवतेय की स्वतःला, असं तुझ्या मनात येईल तर खुशाल येऊ दे.

चेहरा आणि कागद यांचा घोळ अमेरिकेत आणखी जुना आहे. ‘एमॉस अँड अँडी’ रेडिओवर दोन गोरे करायचे, कृष्णवर्णीयांचा आवाज काढून. १९५१ साली सीबीएसने ते टीव्हीवर आणताना सगळे नट कृष्णवर्णीय घेतले, कागद मात्र गोऱ्यांच्याच हातात राहिला. अँडी झालेले स्पेन्सर विल्यम्स स्वतः चित्रपट दिग्दर्शक होते, आणि अँडीने कसं बोलावं हे त्यांना शिकवायला रेडिओवरचा गोरा गॉस्डेन सेटवर! दोघांचं वाजलं ते वाजलंच. कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने विरोध केला, तरी पुनःप्रक्षेपणं १९६६पर्यंत विकली जात होती.

आणि ‘गुड टाइम्स’? १९७४. ती कल्पना एरिक मॉन्टी आणि माइक एव्हान्स या दोन कृष्णवर्णीयांची, शिकागोच्या सरकारी वसाहतीतलं कष्टाळू कुटुंब. म्हणजे पहिला कागद आपल्या माणसांच्या हातात होता. पण थोरला मुलगा जे. जे. ‘डायनोमाइट!’ ओरडला की प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, म्हणून दर आठवड्याला त्याचा विदूषक वाढवत नेला. आईबाप झालेले एस्थर रोल आणि जॉन एमॉस दोघंही भांडले. परिणाम? एमॉसना काढलं आणि गोष्टीतला बाप अपघातात मारून टाकला. म्हणून मी शेवटचा कागद म्हणते. पहिल्यावर भुलू नकोस.

आता ज्यांच्या हातात तो होता त्यांचं बघ. आपल्या पुण्याचे फारुख धोंडी चॅनल फोर या ब्रिटिश वाहिनीत १९८४पासून कार्यक्रम मंजूर करायच्या खुर्चीत होते. त्यांच्या काळात ‘डेस्मंड्स’ आलं: लंडनच्या पेकहॅममधलं कृष्णवर्णीय कुटुंबाचं केशकर्तनालय, लेखक सेंट लुशियाचा ट्रिक्स वॉरेल. त्यातला प्रत्येकजण वेगळा चिडका, वेगळा लबाड. १९९८ साली बीबीसीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा तिथल्याच भारतीय वंशाच्या कलाकारांचा विनोदी कार्यक्रम आला. मुंबईच्या हॉटेलात भारतीय टोळकं ‘इंग्लिश’ खायला येतं, वेटरच्या नावाचा चुराडा करतं आणि विचारतं, मेन्यूतलं सगळ्यात मिळमिळीत काय आहे? शुक्रवारी रात्री पिऊन करी हाउसमध्ये घुसणाऱ्या गोऱ्यांना ज्यांनी वाढलंय, त्यांच्याच घरातून हे लिहिलं जाऊ शकतं.

भारतीय वंशाची मिंडी केलिंग ‘द ऑफिस’ या अमेरिकी विनोदी मालिकेत शिरली ती लेखिका म्हणून. केली कपूरची भूमिकाही तिनेच केली आणि २००६चा दिवाळीचा भाग तिनेच लिहिला. त्यात केलीला दिवाळी म्हणजे नेमकं काय तेच धड सांगता येत नाही! हे एखाद्या सल्लागाराने चालू दिलं असतं का? मी दिलं नसतं. मी तिला लक्ष्मीपूजन समजावून सांगायला लावलं असतं, आणि ती जिवंत पोरगी तिथेच मेली असती.

‘निदान आपलं कुटुंब टीव्हीवर दिसेल तरी’ हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. ‘सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत भारतीय दुकानदार आपू १९९०पासून दिसत होता. आवाज हँक अझेरिया या गोऱ्या नटाचा, कागद दुसऱ्यांचा, आणि शाळेत त्या आवाजात चिडवून घेतलं ते तिथल्या आपल्या पोरांनी. भारतीय वंशाच्या हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७मध्ये त्यावर माहितीपट केला, तेव्हा कुठे २०२०मध्ये अझेरियाने तो आवाज सोडला. दिसून काय मिळालं?

तर त्यांना असं लिही. स्क्रिप्ट माझ्याकडे लॉक होण्याआधी येईल की नंतर? शेवटचा मसुदा कोण पक्का करणार, त्यांचं नाव काय? लेखकांच्या बैठकीत मी बसणार का, आणि एका तरी भागाला लेखक म्हणून माझं नाव लागणार का? गोड बोलून टाळतील, तेव्हा हेच पुन्हा विचार. पैशांची अगदी नड असेल तर सल्लागाराचं काम घे, मोदक बदल, पैसे घे आणि घरी ये. पण मग त्याला आपल्या लोकांचं प्रतिनिधित्व म्हणू नकोस, निदान माझ्यासमोर तरी. आणि करारावर सही करण्याआधी तो मला पाठव. श्रेयाचं कलम बहुधा मागच्या पानांत, बारीक अक्षरात असतं, ते मी वाचून देते.

तुझी,
मावशी